उलटा हात आणि तापलेला डबा

डहाणूपासून तलासरीपर्यंतच्या सगळ्या पट्ट्यात विजेवर चालणारा पहिला पिकअप मी चालवला. चालवला म्हणजे मी स्टिअरिंग धरून बसलो होतो, मागून ढकलत होते पाड्यावरचे लोक.

काका होते तेव्हा मी फक्त पहिलं वाक्य बोलायचो. दुसरं त्यांचं असायचं. मी कुठे टपरीवर, लग्नाच्या मांडवात छाती फुगवून सुरुवात केली की मागून आवाज यायचा, "पुढचं पण सांग, गाढवा." आता पुढचं सांगायला लावणारं कोणी नाही. त्यामुळे दोन्ही वाक्यं मलाच बोलावी लागतात, आणि खरं सांगतो, दुसरं मला त्यांच्यासारखं जमत नाही.

काका माझे नात्यातले नाहीत. मसोलीत त्यांची चिकूची वाडी, घराला लागून काकींची पिठाची चक्की. अख्खी आळी त्यांना काका म्हणायची, त्यांच्याहून म्हातारी माणसंसुद्धा. त्यांची एकच ओळख होती. उलटा हात. समोर वस्तू येवो, माणूस येवो, जनावर येवो, आधी उजव्या हाताची मागची बाजू त्याला लावून बघायची. चहाचा कप, विहिरीवरची मोटर, चिकूचं खोकं, एसटीचं बॉनेट, शेजाऱ्याची म्हैस. काही सुटायचं नाही.

डहाणूच्या स्टँडवर एक कंडक्टर त्यांची मजा करायचा. "काका, लावा हात. पोचतो का बघा तलासरीला." काका मजा समजायचे नाहीत. गंभीरपणे बॉनेटला हात लावायचे आणि सांगायचे, "अर्ध्या रस्त्यात पाणी मागेल." बस दर वेळी व्यवस्थित पोचायची. काकांना त्याचं काही नसायचं. "पोचली, पण तापून पोचली. तिचं तिला माहीत."

मी एकदा विचारलं, "काका, तळहात का नाही लावत?"

"तळहात कामाने मरतो रे. कुदळ धरून, दोरी ओढून त्याची चामडी होते. मागची बाजू बिचारी कधी काही उचलत नाही. म्हणून ती खरं सांगते."

"मग मी पण खरा माणूस. मी पण कधी काही उचलत नाही."

"हो, पण तुला तोंड आहे," काका म्हणाले.

एका लग्नात त्यांनी आहेर देता देता नवरदेवाच्या कपाळाला हात लावला आणि भर मांडवात जाहीर केलं, "याला ताप आहे." नवऱ्याकडचे उसळले. कोणी म्हणे लाजतोय, कोणी म्हणे फेट्याने घाम आला. संध्याकाळी नवरदेवाला हुडहुडी भरली, मलेरिया निघाला. तेव्हापासून मुलीकडची माणसं काकांना साखरपुड्यालाच बोलवायला लागली.

मला त्यांनी नोकरीवर ठेवलं ते पण हात लावूनच. दोन हजार चौदाचा उन्हाळा. मी तेव्हा दुसऱ्या एका वाडीवाल्याचा टेम्पो चालवायचो. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो. म्हणजे चौथीच्या दारापर्यंत, आत जायचं राहिलं. पण गाडी चालवायला शाळा कशाला लागते, असं मी मोठ्याने बोलत असताना तो टेम्पो चिकूसकट नाल्यात गेला. मालक वर उभा राहून माझ्या खानदानाचा उद्धार करत होता. काका सायकल थांबवून खाली उतरले, माझ्या कपाळाला उलटा हात लावला आणि मालकाला म्हणाले, "तुम्ही याला काढताय ना? मला द्या. एवढं होऊन पोरगा थंड आहे. मला थंड डोक्याचा ड्रायव्हर पाहिजे."

मी थंड नव्हतो. नाल्यातल्या पाण्यात पडून भिजलो होतो. पण नोकरी मिळत असताना हे सांगायचं कोणाला सुचतं?

आता गाडीचं सांगतो.

काका एकदा बसने तलासरीहून येत होते. शेजारी लखमीबाय बसली होती, तलासरीच्या अलीकडच्या एका पाड्यावरची म्हातारी. मांडीवर नागलीचं गाठोडं. काकांनी सवयीने गाठोड्याला हात लावला. गार. दळलेलं पीठ चक्कीतून निघालं की गरम असतं, हे चक्कीवालीच्या नवऱ्याला कळणारच.

"दळून नाय मिळालं?"

"लाइट गेली," लखमीबाय म्हणाली. "मागल्या बाजारीपण गेली होती. ही नागली माझ्यापेक्षा जास्त फिरली. आता हिला डहाणू दाखवून आणते."

काकांनी तिला घरी नेलं, काकींकडून नागली दळून घेतली, परत बसमध्ये बसवून दिलं. त्या दिवसापासून ते जेवताना पण गप्प. चौथ्या की पाचव्या दिवशी ताटावरून उठले आणि म्हणाले, "चक्की पाड्यावर गेली पाहिजे."

काकींकडे दोन चक्क्या होत्या. मोठी रोजची, आणि लहान एक, जी त्यांनी लग्नानंतर स्वतः उभी केली होती. काकी म्हणाल्या, "लहानीला हात लावायचा नाही." काकांनी हात लावला. उलटा लावला. म्हणाले, "बघ, गार पडलीय बसून बसून." काकी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच चक्कीचे बोल्ट ढिले करून दिले, पण दणका देऊन पाना ठेवला.

वाडीत एक जुना पिकअप होता, इंजिन मेलेला. काकांनी इंजिन काढून टाकलं. वापीच्या भंगारातून माल उचलणाऱ्या गाडीची एक मोटर आणली आणि एका बंद पडलेल्या कारखान्यातला मोठा इन्व्हर्टर. भंगारवाला गुजराती म्हातारा हात जोडून म्हणाला, "लई जाओ काका, पण पाछुं नहीं लऊं." परत घेणार नाही म्हणाला. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

मागच्या हौद्यात पुढे बॅटऱ्या, मध्ये इन्व्हर्टरचा डबा, शेवटी काकींची चक्की. गाडीची मोटर थेट बॅटरीवर चालायची. पण चक्कीला घरातल्यासारखी वीज लागते, आणि बॅटरीतली वीज वेगळी, सरळ. ती फिरवून घरच्यासारखी करून द्यायची, हे त्या डब्याचं काम. आणि ते करताना तो तापतो. मी पाढे म्हणताना तापायचो तसा. जास्त तापला की स्वतःच बंद होतो. तेही माझ्यासारखंच.

रस्त्यावर आमची गाडी निघाली की लोक वळून बघायचे, कारण आवाजच नाही. एकदा पोलिसाने अडवलं. "इंजिन बंद करून उतारावर सोडलीय काय?"

काका म्हणाले, "बंद नाही केलं. नाहीच आहे."

"काय नाही?"

"इंजिन."

त्याने बॉनेट उघडायला लावलं. आत पुढच्या जाळीमागे जुना रेडिएटर, त्याच्यामागे काकांचा जेवणाचा डबा, पाण्याचं मडकं आणि गवतात पिकत घातलेले चिकू. पोलीस बराच वेळ बघत राहिला. मग एक चिकू घेतला, दाबून बघितला आणि म्हणाला, "जा. हे मी बघितलंच नाही."

तर सगळं होतं. फक्त डबा तापत होता.

पहिल्यांदा आम्ही पाड्यावर गेलो तेव्हा डब्याला त्याचा मूळचा पंखा होता. बायका नागली, तांदूळ घेऊन रांगेत. चक्की सुरू झाली, पीठ उडायला लागलं, आणि पंखा ते सगळं आत ओढायला लागला. थोड्या वेळाने छान वास सुटला. मी म्हटलं, "काका, कोणाकडे तरी भाकरी भाजतायत." काकांनी वास घेतला, डब्याकडे बघितलं आणि पळाले. डब्याच्या मागे ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, उष्णता बाहेर टाकायला. त्यांच्यामध्ये पीठ जाऊन, दमट हवा लागून, मस्त खरपूस थर बसला होता. डबा बंद पडला तो पडलाच. परत येताना बॅटरीपण उतरली. तीच ती ढकलायची गोष्ट. लखमीबायपण ढकलत होती आणि मला खिडकीतून म्हणत होती, "भाऊ, तू उतर ना. तेवढंच वजन कमी."

काकांनी पंखा काढून फेकून दिला. पंख्यावर त्यांचा आधीपासूनच राग. घरात पण लावायचे नाहीत. "पंखा हवा गार करत नाही, नुसती हलवतो. तुझ्यासारखा. काम काही नाही, हालचाल भरपूर."

हे ते मला रोज म्हणायचे. मी हसायचो. रोज हसायचो, पण एखाद्या दिवशी घरी जाताना लागायचं.

मग आलं गोणपाट. काकांनी डबा चहूबाजूंनी बंद केला, वर ओलं गोणपाट गुंडाळलं आणि मला सांगितलं, सुकलं की पाणी मार. ट्रकवाले पाण्याच्या बाटलीला ओलं फडकं बांधतात ना, तसं. आणि तलासरीकडे, एप्रिलच्या त्या कोरड्या झळांमध्ये, ते चाललं! मी पाणी मारायचो, वारा ते पिऊन टाकायचा, डबा गार राहायचा. काकांनी हात लावला आणि पहिल्यांदाच मला "साहेब" म्हणाले नाहीत. ते रागावले की साहेब म्हणायचे, खूश असले की गाढवा.

त्या आनंदात आम्ही गाडी झाईला नेली. कोळीवाड्यात लग्नसराई होती, तांदळाचं पीठ पाहिजे होतं. समुद्राचा वारा असा की माझी टोपी गुजरातमध्ये गेली. हद्द तिथून हाकेवर. मी म्हटलं, एवढा वारा, डबा तर बर्फ होणार. चक्की सुरू केली. गोणपाट काही सुकेना. वर नुसतं चिकट ओलं, आत डबा तापतच चाललेला. मी अजून पाणी मारलं. मग अजून. सुकट टोपलीत भरणारी एक कोळीण आमच्याकडे बघत होती. शेवटी तिला राहवेना.

"काय वो, डबा आजारी आहे काय? कपाळावर पट्ट्या घालताय?"

"ताप उतरत नाही मावशी," मी म्हटलं.

"मग डॉक्टर बदल," ती म्हणाली, आणि तिने बघितलं काकांकडे.

काका चिडले नाहीत. वल्हवायची होडी होती वाळूत, तिच्या काठावर बसले. डोक्यावरचं ओलं फडकं काढून वाऱ्यात धरलं. किती वेळ धरून बसले. फडकं ओलंच. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "इथली हवा पाणी पिऊन बसलीय रे. हिला तहानच नाही. तहान नसलेल्याला आपण पाणी पाजतोय."

त्या दिवशी डबा परत बंद पडला. पण काका होडीवरून उठले ते गाणं गुणगुणत. हरल्यावर त्यांना असा आनंद व्हायचा. मला कधी कळलं नाही तो. मी तर जिंकल्यावरपण घाबरतो.

त्यांचं खाणंपिणंही असंच. गरम काही चालायचं नाही. चहा बशीत ओतून ठेवायचे, त्यावर साय धरली, साय सुरकुतली की मग प्यायचे. काकी म्हणायच्या, "आता दोरीवर वाळत घाला, मग प्या." उन्हाळ्यात झोपायचे वाडीतल्या पाण्याच्या टाकीच्या सिमेंटवर. मी विचारलं, डास चावत नाहीत? म्हणाले, "चावतात. पण गार ठिकाणी चावतात."

गोणपाटानंतर पाणी आलं. म्हणजे आतून फिरणारं. काकांनी एक जाड ॲल्युमिनियमची पाटी घेतली, तिला तांब्याची नळी नागमोडी बसवली, त्या पाटीवर डबा आवळला. कूलरचा छोटा पंप पाणी ढकलणार, पाणी डब्याखालून जाऊन त्याची आग घेणार, आणि रबरी नळीतून पुढे गाडीच्या नाकातल्या त्या जुन्या रेडिएटरमध्ये जाऊन गार होऊन परत येणार. डबा रबर लावून बंद केला, पीठ आत जायची सोय नाही. माझ्याकडे एकच काम होतं. पाणी भरायचं.

"चांगलं भर," काका म्हणाले.

मी आगरला गेलो होतो मासळी घ्यायला. तिथल्या एका विहिरीचं पाणी इतकं स्वच्छ, नितळ, की तळ दिसत होता. मी दोन कॅन भरून आणले. काही आठवड्यांत पंप कण्हायला लागला. काकांनी नळी सोडली, आत पांढरा थर. बोटावर घेतला, जिभेला लावला, आणि डोळे मिटून बसले.

"साहेब," ते म्हणाले.

मला कळलं, संपलं.

"साहेब, हे खारं पाणी आहे. समुद्राच्या काठची विहीर. तुम्ही इन्व्हर्टरचं लोणचं घातलंत."

काकी चक्कीवरून ओरडल्या, "मला आधी विचारलं असतं तर मोहरीपण दिली असती!"

त्या वेळी सगळे हसलो. पण संध्याकाळी काकी पीठ झाडत बाहेर आल्या आणि शांतपणे काकांना म्हणाल्या, "माझी चक्की तुम्ही नेली, मी काही बोलले नाही. पण लोक पाड्यावर वाट बघतात, तुम्ही जाता, बंद पडता, परत येता. त्यांचं दळण तसंच राहतं. लाइट परवडली, ती निदान आशा लावत नाही. आता अजून एकदा जरी ही पाड्यावर बंद पडली, मी माझी चक्की उतरवून घेईन आणि गाडी भंगारात घालीन."

काकांनी स्वतःच्याच कपाळाला उलटा हात लावून बघितला.

आणि मग लखमीबायच्या नातीचं लग्न आलं.

लखमीबाय बसने मसोलीला आली. पाड्यावरचा खांब वादळी वाऱ्यात पडला होता, कधी उभा राहील ते कोणाला माहीत नाही. लग्नाचं दळण पडून. तिने कोणाला काही विनवलं नाही. ओट्यावर बसली, पाणी प्याली, म्हणाली, "गाडी येईल काय? येणार असेल तर सांग. येऊन बंद पडणार असेल तर तसंपण सांग. मी आतापासून जात्यावर बसते."

काका म्हणाले, "येईल. आणि चालेल."

काकी दारात उभ्या होत्या. त्यांनी फक्त काकांकडे बघितलं.

काकांनी तयारी केली ती अशी की मी कधी बघितली नव्हती. नळ्या धुतल्या, बॅटरीवाल्याकडचं शुद्ध पाणी भरलं, मला कॅनच्या आसपास फिरकू दिलं नाही. आगरपर्यंत गाडी पळवून बघितली. पाणी गार. वाडीत, सकाळच्या सावलीत चक्कीपण चालवून बघितली, थोडी. हात लावला. गार. काका टाकीवर जाऊन झोपले ते घोरायलाच लागले.

लग्नाच्या आदल्या दिवशी पोचलो. मांडव घातलेला, अंगण सारवलेलं, बायका सुपात तांदूळ पाखडत बसलेल्या. चक्की सुरू झाली. पहिलं गाठोडं झालं, दुसरं झालं. ऊन चढलं. काका दर थोड्या वेळाने पाटीला हात लावायचे. मग हात जरा लवकर लवकर लावायला लागले. मग हात लावला आणि काढलाच नाही.

"तापतंय," ते म्हणाले.

"पाणी फिरतंय ना काका?"

"फिरतंय."

"मग?"

ते पुढे गेले, रेडिएटरला हात लावला. तिथे चटका बसला. मग मटकन खाली बसले, चाकाला टेकून. "गाडी उभी आहे रे. गाडी पळते तेव्हा नाकाला वारा लागतो. चक्की चालते तेव्हा गाडी उभी असते. मी पळवून बघितली. उभी करून बघितली ती सावलीत, थोडी." मग हळूच म्हणाले, "आणि पंखा मी फेकून दिला."

चक्कीचा आवाज जरा बदलला. बायकांच्या लक्षात आलं. पाखडणं थांबलं. लखमीबाय उठून आली, काकांच्या समोर उभी राहिली. न दळलेली गाठोडी बघत राहिली. तेच वाईट होतं. अर्ध्याहून जास्त दळण बाकी होतं, आणि काकांचं तोंड असं झालेलं की मला ते बघवेना.

मला काही सुचलं असं मी सांगणार नाही. मला कधी काही सुचत नाही. मी फक्त घाबरलो, आणि घाबरलो की मी हातवारे करतो. जवळ एक सूप पडलं होतं, ते उचललं आणि रेडिएटरसमोर वेड्यासारखा वारा घालायला लागलो, माझ्या आजीला चक्कर यायची तेव्हा घालायचो तसा. दहा वेळा हलवलं आणि दम लागला.

लखमीबाय म्हणाली, "असं नाय. हाताने नाय, खांद्याने." तिने माझ्या हातातलं सूप घेतलं. तिने एकदा मारलं, तर माझ्या टोपीचं जे झाईला झालं तेच परत होणार होतं. मग तिने मागे वळून बायकांना हाक दिली.

त्या आल्या. सगळ्या आपापली सुपं घेऊन. रोज पाखडायचे हात ते. गाडीच्या नाकासमोर रांग केली, चार जणी वारा घालायच्या, दमल्या की मागच्या चार पुढे. कोणीतरी लग्नाचं गाणं सुरू केलं, सुपं त्या ठेक्यात पडायला लागली. काका उठले. पाटीला हात लावला. परत लावला. मग माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, उन्हाचं असेल.

"उतरतंय रे," ते म्हणाले. "हलवायचीच होती हवा. नुसती हलवायचीच होती. गाढवा, नुसत्या हालचालीचंपण काम असतं."

हे त्यांनी मला एकदाच म्हटलं. मी ते अजून वापरतोय.

शेवटचं गाठोडं दळून झालं तेव्हा ऊन उतरलं होतं. लखमीबायने गरम पिठात उलटा हात घातला. काकांची नक्कल. सगळ्या हसल्या. काका सर्वांत जास्त. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्यामुलाच्या कपाळाला हात लावला, सगळा मांडव वळून बघायला लागला, आणि काकांनी जाहीर केलं, "थंड आहे. द्या मुलगी."

परत आल्यावर त्यांनी रेडिएटरसमोर पंखा बसवला. दोन बसवले. आणि घरात पण एक लावला, काकींच्या चक्कीवर. काकी म्हणाल्या, "इतकी वर्षं लागली?" पण पंख्याखाली जाऊन बसल्या.

त्यानंतर गाडी पाड्यांवर जात राहिली. कधी रुसायची, पण बंद पडली नाही. एकोणीस साली, मेमध्ये, एका सकाळी मी वाडीत गेलो, काका टाकीवर झोपलेले. हाक मारली. परत मारली. मग दुसरं काय करायचं ते मला माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी शिकवलं होतं तेच केलं. कपाळाला उलटा हात लावला.

गार होतं. त्या माणसाबरोबर पाच वर्षं मी गारव्याच्या मागे फिरलो, आणि तेव्हा पहिल्यांदा मला गार नको होतं.

गाडी चिकूखाली उभी राहिली. पानं पडली, बॉनेटमध्ये मांजरीने पिल्लं घातली. मी कोणाकोणाकडे टेम्पो चालवला. रस्त्यात गाडी गरम झाली की बॉनेटला हात लावायचो, आणि मागून कोणी काही म्हणेल म्हणून जरा थांबायचो. दिवाळीच्या आधी काकींनी निरोप पाठवला, भंगारवाला येणार आहे, चक्की उतरवायला ये.

मी गेलो. ओट्यावर लखमीबाय बसली होती, मांडीवर नागलीचं गाठोडं. काकी तिच्यासमोर उभ्या. 

"ही विचारते, गाडी कधी येणार," काकी म्हणाल्या.

"तुम्ही काय सांगितलं?"

"मी काय सांगणार? हाकणारा तू." मग माझ्या हातातल्या पान्याकडे बघत म्हणाल्या, "चालेल का ती? खरं सांग. चालत नसेल तर आत्ताच चक्की उतरव. येऊन बंद पडायला मी पाठवणार नाही."

मी म्हटलं, चालेल. काकांच्याच आवाजात म्हटलं, असं मला वाटलं. मांजरीची पिल्लं हलवली. बॅटऱ्या दोन दिवस चार्ज केल्या. शुद्ध पाणी भरलं, आगरचं नाही. नळ्या दाबून बघितल्या, पंखे पुसले. तिसऱ्या सकाळी लखमीबाय परत आली, गाठोड्यासकट. काकी नेसून बाहेर आल्या आणि पुढे, काकांच्या जागेवर जाऊन बसल्या. लखमीबायला शेजारी घेतलं. भंगारवाल्याचं नावही कोणी काढलं नाही.

मी मागे हौद्यात चढलो. डब्याखालच्या पाटीला उलटा हात लावला, डोळे मिटले, आणि मला एकदम भरून आलं. म्हटलं, "काकी, या, हात लावून बघा. एकदम गार. काकांनी पाच वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला ना, ते बघा मी आज करून दाखवलं. एवढी गार ती कधीच नव्हती."

काकी उतरल्या, मागे आल्या. पदर खोचला आणि पाटीला हात लावला. उलटा. त्यांना असं करताना मी कधी बघितलं नव्हतं. जरा वेळ तसाच ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"गार असणारच. अजून चालू कुठे केलीयस, मेल्या?"